मुद्दाम केलेल्या चुका

सर पहिल्यांदा दुकानात आले ते मोडका चष्मा खिशात घालून. बाहेर पाऊस, समोरचं धड दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांनी नमस्कार केला तो आरशाला. चष्मे विकणारी ती हसू दाबत म्हणाली, "मी इकडे आहे."

"माफ करा… तुमच्यापेक्षा आरसा जवळ होता."

चष्मा दुरुस्त होईपर्यंत कळलं, की ते इंग्रजी शिकवतात. तिला तर काचांच्या कंपनीला इंग्रजीत चार ओळींचा मेल लिहायचा म्हटलं तरी घाम फुटायचा.

"रोज मोबाईलवर पाच ओळी पाठवा," सर म्हणाले. "दिवसभरात काय झालं ते. मी दुरुस्त करून देईन."

त्या पाच ओळींनीच घात केला बघा. तिने लिहिलं, एका गिऱ्हाइकाने तीस फ्रेम्स घालून पाहिल्या आणि जुनीच बरी म्हणून निघून गेलं. सरांनी चुका सुधारल्या, त्या का झाल्या ते समजावलं, आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली : 'ते गिऱ्हाईक माझे काका तर नव्हेत?' ती गालात हसली. दुकानात झाडलोट करणारी मावशी म्हणाली, "मोबाईल बघून लाजतात होय हल्ली?"

तीन महिन्यांत तिचा हात बसला. एके दिवशी पाचही ओळी बिनचूक गेल्या आणि उत्तरादाखल आला नुसता अंगठा. बाईसाहेबांचा सगळा दिवस नासला. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम दोन चुका घातल्या, तर हा एवढा लांबलचक मेसेज! मग काय, कधी दोन, कधी चार. कंपनीला मेल चोख जायचे, सरांच्या वाट्याला मात्र चुकाच चुका. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

असं वर्ष गेलं. मग एका दुपारी सर स्वतःच दुकानात आले.

"उद्यापासून दुसऱ्या बाई तुमच्या ओळी तपासतील," ते म्हणाले. "मी गावाकडे चाललोय. तुम्हाला शिकवणं मला जमलं नाही… राग मानू नका."

आता लपवून काय करायचं होतं? "सर, मला येतं. केव्हाच येतं. चुका मी मुद्दाम करायचे. तुम्ही जास्त लिहावं म्हणून… तुम्ही आवडता मला."

सर स्टुलावर बसले.

"मी ठरवलं होतं," ते हळूच म्हणाले, "की तुम्ही सलग आठवडाभर बिनचूक लिहिलंत की शिकवणी संपवायची, आणि मग विचारायचं. विद्यार्थिनीला कसं विचारणार? तो अंगठा पाठवला ना, तेव्हापासून दिवस मोजायला लागलो होतो मी. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुका. मग वाटलं, हिला शिकण्यातच रस नाही, माझ्यात कुठून असणार…"

"मग आता विचारा ना."

"काल घरी होकार कळवला. मुलगी चांगली आहे हो. तिचा काय दोष?"

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता तिने, रोज थोडा थोडा. सर तिच्याकडे बघत होते. ती काय म्हणते त्यासाठीच थांबले होते.

"मोडू नका," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली, उठले आणि गेले.

मोडा, असं म्हणायचं होतं तिला.