तिसरा बोगदा

मंगळावरच्या त्या वस्तीत घुमट तीनच: रोपघर, जलघर आणि नियंत्रणघर. ते बोगद्यांनी जोडायचे होते. नियंत्रणघरात हेरंब सातपुते त्यांचा भारित आलेख, म्हणजे घुमटांचे ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि प्रत्येक रेघेवर तिचं वजन, मांडत बसला होता आणि आतून जळत होता. त्याची बायको यामिनी रोपघर सांभाळायची आणि जलघर दिगंत पागे. पाण्याचं बोलायचं म्हणून ती तिकडे जायची आणि हसत परत यायची. आपल्या विनोदावर ती शेवटची कधी हसली, हे हेरंबला आठवत नव्हतं.

आलेखात जोडणीचं वजन म्हणजे तो बोगदा करायला लागणारी ऊर्जा. रोपघर ते जलघर तीन, रोपघर ते नियंत्रणघर चार. जलघर ते नियंत्रणघर मात्र सहा, कारण मधली जमीन भुसभुशीत. आणीबाणीचा साठा सोडला तर ऊर्जा दोनच बोगद्यांपुरती होती.

वस्तीप्रमुख मगरबाईंनी बैठकीत सोपं करून सांगितलं. "हलक्यात हलकी जोडणी आधी घ्यायची. जी घेतल्यावर फेरा पुरा होतो ती सोडायची. उरतो तो किमान जोडवृक्ष. सगळे जोडलेले, खर्च सगळ्यात कमी."

"पण बाई, खर्च कमी झाला म्हणजे रस्ता जवळचा झाला असं नाही," दिगंत म्हणाला. "आणि झाडात दुसरी वाट नसते. एक फांदी मोडली की वस्तीचे दोन तुकडे."

यामिनीने मान डोलावली. दिगंतचं बरोबर होतं, आणि म्हणूनच ते हेरंबला जास्त झोंबलं.

ज्याने जमीन मोजली त्याच्या आकड्यावर शंका घ्यायची नाही, असा वस्तीचा रिवाज. जमीन हेरंबनेच मोजली होती. त्याने रोपघर ते जलघर या जोडणीच्या तिनाचे नऊ केले. मगरबाईंनी सांगितलेल्या त्या गणनविधीला, हिशोबाच्या ठरलेल्या पायऱ्यांना, माणसांच्या भानगडी कळत नाहीत. त्या विधीने नवाची जोडणी टाकली आणि सहाची उचलली. बोगदे झाले. आता यामिनीला जलघरात जायचं तर नवऱ्याच्या टेबलासमोरून जावं लागे. तो रोज बघायचा. बघून त्याचं समाधान झालं नाही, उलट चटक लागली.

मग तो भुसभुशीत बोगदा ढासळला. यामिनी तेव्हा जलघरात होती. वर धुळीचं वादळ माजलेलं, बाहेरून जाणं अशक्य. तिकडे हवा होती, पाणी होतं, खायला मात्र आठवडाभराचंच.

रेडिओवर दिगंत म्हणाला, "सातपुते, तुमच्या बाईसाहेब माझ्या वाट्याची बिस्किटं संपवतायत, बरं का." मागे ती हसली.

मगरबाईंनी वाळू उपसायचा हुकूम दिला. रोपघराकडून नवाचा खडक, तिकडून पोचायला पंधरा दिवस जातील, म्हणाल्या. हेरंबला ठाऊक होतं, जेवढी उपसाल तेवढी वरून येणार. त्याने फक्त गप्प बसायचं होतं. दिगंत संपला असता, आणि ते हसणंही. त्याने हा विचार शेवटपर्यंत करून पाहिला.

"बाई, नऊ नाहीत," तो अखेर म्हणाला. "तीन आहेत."

"दगड मऊ कसा झाला, सातपुते?"

रेडिओ चालू होता. त्याने सांगितलं. पलीकडे दोघांनी ऐकलं, आणि मग कोणीच हसलं नाही.

तिनाचा खडक पाच दिवसांत फुटला. दोघं रोपघरात सुखरूप निघाली. आलेख पुन्हा मांडला तेव्हा रोपघर मधोमध आलं होतं आणि नियंत्रणघर टोकाला. त्यातून आता कोणाचाच रस्ता जात नव्हता.

हेरंब दाराशी बसून राहिला. रोपघरापासून त्याच्यापर्यंतचा चाराचा बोगदा शाबूत होता, दिवे लागलेले होते. यामिनी त्यातून आली नाही.