शुद्ध हवेच्या नळ्या

आमच्या घरात दूध तापण्याआधी माझ्या नाकाखालून जाते. तूप, कोकमे, दिवाळीची भाजणी, सगळ्याचा निवाडा मीच करीत आले. मी एकदा 'नको' म्हटल्यावर का, म्हणून विचारण्याची प्रथा पनवेलच्या आमच्या घरात नाही. त्यामुळे सून प्रांजल जेव्हा म्हणाली, "आई, तुमचं नाक मला प्रयोगशाळेसाठी हवंय," तेव्हा मला नवल वाटले नाही. इतका उशीर का झाला, एवढेच वाटले.

ते २०१३ साल. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून घेत असू. तक्रारी सगळेच करीत. वास किती आहे, हे मोजून कोणी देत नसे. प्रांजलची प्रयोगशाळा ते मोजमाप बसवू पाहत होती. मान्यता मिळाली, तर इतर राज्यांतली मुले हे काम शिकायला पनवेलला येणार होती. सुनेची उमेदीची वर्षे त्यात गेली होती.

वास मोजायला यंत्र असते, पण त्या यंत्राच्या शेवटी माणसाचे नाकच लागते. प्रत्येकासमोर तीन नळ्या. दोहोंतून शुद्ध हवा, एकीतून नमुन्याची हवा. आधी अगदी विरळ करून, मग पायरीपायरीने दाट. वेगळी कोणती, ते सांगायचे. सकाळी चहा नाही, सुवासिक साबण नाही, अंबाड्यात फूल नाही. फुलाशिवाय मी कधी उंबरठा ओलांडला नव्हता. तेही मान्य केले.

माझ्या शेजारी सोनाबाई बसे. उरणची, मासळी विकणारी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, तुमी दूध हुंगता, मी मासली. दोघींची नाकं सरकारजमा झाली बघा."

"गप्प बसा. हुंगताना बोलायचं नसतं."

"यंत्राला नाक नाय म्हनून तर आपल्याला बोलावलंय. त्याला कान कुठशी असनार?"

हुंगायची रीत मला थोरल्या जाऊबाईंनी, गुणाबाईंनी शिकवली. "वसुंधरे, आधी सोड, मग घे." छाती पूर्ण रिकामी करायची, मगच नाक पुढे न्यायचे. त्यांना जाऊन आता मोठा काळ लोटला. चैत्रात त्यांच्या अंबाड्यावर सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, असे, आणि वर्षभर लुगड्यांच्या ट्रंकेत वाळलेली सुरंगी. त्या स्वयंपाकघरात येत, तेव्हा पावलांच्या आधी तो वास येई.

भाद्रपदातल्या एका चाचणीत मी श्वास सोडला, पहिल्या नळीकडे वाकले, आणि सुरंगी आली. श्वास आत घेण्याआधीच आली. दुसऱ्या नळीपाशीही सुरंगी. तिसरीपाशी काही नाही.

"तिसरी," मी म्हणाले.

उत्तर बरोबर होते.

मी प्रांजलला सांगितले. तिने नळ्या बदलल्या, हवेचे सिलिंडर बदलले. दुसऱ्या कोणालाही फुलाचा वास येईना. भाद्रपदात सुरंगी फुलत नाही, हे बाजारातली फूलवाली पोरेही सांगतील. तरी पुढच्या चाचणीत तेच घडले, आणि त्याच्या पुढच्याही. शुद्ध हवा असे तिथे सुरंगी. नमुना असे तिथे नाही. नमुना इतका विरळ असावा की कोणत्याही नाकाला कळू नये, तेव्हाही माझे उत्तर चुकेना.

मान्यतेसाठी परीक्षक आले. दिल्लीत राहणारे, पण मराठी. मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी नेमके माझे निकाल बाजूला काढले.

"आजी, नाक चुकतं. जे कधीच चुकत नाही, त्यावर आम्हाला विश्वास ठेवता येत नाही."

प्रांजलचा चेहरा उतरला. कोणीतरी मला उत्तरे सांगते, असा त्याचा अर्थ होता. आणि उत्तरे फक्त तिलाच ठाऊक असत.

"सांगतात मला," मी म्हणाले. "पण सून नव्हे. माझ्या जाऊबाई." आणि सुरंगीचे सारे सांगितले.

ते हसले नाहीत. "उद्या माझ्यासमोर बसा. प्रांजल बाहेर थांबतील. उत्तर मात्र द्यावंच लागेल. कळलं नाही तर अंदाजानं द्यायचं. नियम आहे."

दुसऱ्या दिवशी तळोज्याकडच्या एका नाल्यावरून हवेची फुगीर पिशवी आली. पहिली फेरी सर्वांत विरळ; तिच्यात सहसा कोणालाच काही कळत नाही.

मी श्वास सोडला. पहिली नळी. काही नाही.

दुसरी. काही नाही.

तिसरीकडे वाकले आणि तशीच थांबले. छाती अजून रिकामीच. सुरंगी नव्हती.

शेजारी सोनाबाई पुटपुटली, "येवढासा आला नि गेला. आता कायच नाय येत."

"आजी, उत्तर?"

कोणतीही नळी सांगितली असती तरी चालले असते. चुकले असते तर उलट बरेच; माझे नाक माणसाचे ठरले असते आणि सुनेवरचा संशय गेला असता.

मी उठले.

"कुणी श्वास घेऊ नका. सोनाबाई, उठा."

"आजी, चाचणी बाद होईल."

"होऊ द्या. दारं उघडा."

सोनाबाई उठली नाही. तिचे डोके हळूहळू टेबलाकडे झुकत होते.

मी तिचा दंड धरून तिला ओढले. दाराशी प्रांजलने तिला झेलले.

नमुना विरळ करणारी झडप अडकली होती. सडक्या अंड्यांसारखा वास येणारा तो वायू शुद्ध हवेच्या वाटेतही शिरला होता आणि तिन्ही नळ्यांतून येत होता. थोडा असला तर दुर्गंधी येते. फार असला तर तो आधी नाकच बधिर करतो, आणि मग काहीच येत नाही. हे प्रांजलने मागाहून समजावले.

सोनाबाई इस्पितळातून बरी होऊन आली, ती थेट आमच्या दारात, ताजे बोंबील घेऊन. आमच्याकडे मासे शिजत नाहीत, हे ती विसरली होती. मी ते परत केले नाहीत.

परीक्षकांनी निघताना वाकून नमस्कार केला. नवी झडप बसली, वायूची सूचना देणारी घंटा बसली, आणि पुढच्या वर्षी मान्यताही आली. माझे सर्व निकाल मात्र मी स्वतः रद्द करवून घेतले. जे माझ्या नाकाचे नाही, ते माझ्या नावावर नको. आता आसामची, केरळची मुले इथे शिकायला येतात आणि रविवारी आमच्याकडे जेवतात. ती आधी श्वास सोडतात की नाही, एवढे मी पाहते.

सुरंगी आता घरात येते. देवघर, स्वयंपाकघर, प्रांजलची खोली. मी जाईन तिथे माझ्याआधी पोचलेली असते. मी हात जोडते. जाऊबाईंनी हयातीत माझे कौतुक कधी केले नाही, पण पाठ राखली. एवढे ऋण मला आणखी कोणाचे नाही.

नात इरा लहानपणापासून माझ्याच खोलीत झोपते. गेले काही दिवस सुरंगी तिच्या अंथरुणाशी येते आणि तिथेच थांबते. मी उशी बदलली. पलंग खिडकीकडे घेतला. आज सकाळी ओंजळ तोंडाशी धरून श्वास सोडला; सावकाश, शेवटपर्यंत, शिकवल्याप्रमाणे. नमुन्याच्या नळीपाशी असे तसेच, काही नाही.

प्रांजलला सांगितले, इराचे अंथरूण आजपासून तुमच्या खोलीत घाल.

का, म्हणून तिने विचारले नाही.