बोटभर उघडी जाळी

ही गोष्ट खोटी असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती माझ्याच बाबतीत घडली, तीही दिवसाढवळ्या. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, मुलांच्या त्या दवाखान्यात, जिथं मी सव्वीस वर्षं लिफ्ट चालवली.

जुनी लिफ्ट. लोखंडी जाळीचं सरकतं दार, आत एक स्टूल, स्टुलावर मी. सगळे मला लिफ्टमामा म्हणायचे. लिफ्ट इतकी हळू, की लोक चेष्टेनं म्हणत, "मामा, वर पोचेपर्यंत पोरगं आपोआप बरं होईल."

मीही हसायचो.

त्या लिफ्टची एक खोड होती. जाळी पूर्ण लागली नाही तर ती जागची हलत नसे. खाली कुणी कितीही बटण दाबो. जेवायच्या वेळी मी त्याचा फायदा घ्यायचो. लिफ्ट चौथ्या मजल्यावर न्यायची, जाळी बोटभर उघडी ठेवायची, आणि गच्चीवर जाऊन निवांत डबा खायचा.

नोकरीच्या बाराव्या वर्षी एका दुपारी मी असाच जेवत होतो. लिफ्टची घंटा वाजत होती. बराच वेळ वाजली.

मग थांबली.

हात धुऊन मी खाली आलो, तेव्हा एक बाई जिन्यातून वर येत होती. कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. तिच्या चपलेचा पट्टा जिन्यात तुटला होता.

मूल वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

संध्याकाळी मीच तिला खाली नेलं. मूल तिच्या कडेवरच होतं, चादरीत. तिनं विचारलं, दुपारी लिफ्ट का येत नव्हती. मी म्हणालो, बिघडली होती.

"तुम्ही दुरुस्त केलीत ना, भाऊ? उपकार झाले," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कुणाला चढावं लागणार नाही."

मी मान हलवली.

वर्षभरात तीही गेली, असं वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं. मी कुणापाशी काही बोललो नाही. जाळी उघडी ठेवणं मात्र सोडलं. पण ती युक्ती मी आधीच माझ्या सुटीत बदलीवर येणाऱ्या लिफ्टवाल्याला शिकवून बसलो होतो. माझ्यानंतर तोच कायम झाला.

मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. माझी नात ठकू तेव्हा सहा वर्षांची. मुलगा आणि सून कामावर. ठकू शाळेतून आली ती छाती धरूनच. दम्याचा झटका. फवारा दोनदा दिला, फरक पडेना. ओठ निळे पडायला लागले, तशी मी रिक्षा गाठली.

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीतली बाई म्हणाली, डॉक्टर चौथ्यावर आहेत, तिकडं न्या, मी फोन करते. वर फोन कुणी उचलेना.

मी लिफ्टचं बटण दाबलं. वर घंटा वाजली.

लिफ्ट हलली नाही.

भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं. वर काय चाललंय, ते मला न बघताच दिसत होतं.

ठकूला उचलून जिना चढायला घेतला. सातव्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला. बसत, सरकत खाली आलो आणि पुन्हा बटण दाबलं. ठकूच्या श्वासाला शिट्टी होती. मग ती शिट्टीही बारीक होत गेली...

देवाचं नाव घ्यायचं तर कोणत्या तोंडानं घेणार? डोळ्यांपुढं ती बाई आली. तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

"ताई," मी म्हणालो, "एकदा वर जा. जाळी लावा."

मेलेल्या बाईला मी पुन्हा चार मजले चढायला सांगत होतो.

काहीच झालं नाही.

मग जिन्यात... फट्.

चपलेचा आवाज. त्यानंतरचं पाऊल ऐकूच आलं नाही. मग पुन्हा फट्... आणि पुन्हा एक पाऊल गायब.

पायऱ्यांवर लख्ख ऊन होतं. कुणीही नव्हतं. आवाज वर चालला होता. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर थांबला...

धाप ऐकू आली. ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाची धाप.

मग पुन्हा फट्.

चौथ्यावर जाळी सरकली आणि खणकन लागली. लिफ्ट खाली आली. आत स्टूल होतं, रिकामं. त्यावर बसायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टर म्हणाले, अजून दोन मिनिटं उशीर झाला असता तर...

ठकू वाचली.

लिफ्टवाला धावत आला. तोंडात घास तसाच. "मामा, तुमची शपथ, जाळी मी उघडी ठेवली होती. लावली कुणी?"

मी म्हणालो, यापुढं ठेवू नकोस.

"तुम्हीच शिकवलंत की," तो म्हणाला.

सून येईल त्याला हात जोडत होती. डॉक्टरांना, सिस्टरना, खिडकीतल्या बाईला. मला म्हणाली, "बाबा, तुमच्या पुण्याईनं वाचली." मला तिच्याकडे बघवेना.

पाचव्या दिवशी ठकूला घरी सोडलं. सगळे लिफ्टनं खाली गेले. मी कठडा धरून जिन्यानं निघालो. मला त्या बाईचे आभार मानायचे होते. पण आधीचं खोटं कबूल केल्याशिवाय ते शब्द तोंडातून निघेनात.

तिसऱ्या मजल्याच्या खाली थांबलो.

माझ्या मागं... फट्.

मी वळलो नाही.

"ताई, लिफ्ट बिघडली नव्हती," मी म्हणालो. "मी जेवत होतो."

आवाज थांबला. पाऊल वर गेलं नाही... खालीही आलं नाही. आभाराचे शब्द राहूनच गेले.

याला तीन वर्षं झाली. ठकू आता नऊ वर्षांची आहे. रोज दुपारी आमच्या घराचा जिना धावत चढते. मी दार आधीच सताड उघडून ठेवतो आणि कान देऊन बसतो.

तिची दोन्ही पावलं वाजतात ना, एवढंच ऐकतो.