तिसऱ्या सेलमधलं गोड पाणी

एक स्टूल. त्यावर बॅटरी.

दुसरबीडचं स्थळ. मुलगा तलाठी, स्वतःची सायकल.

खारपाणातल्या गावात गोड पाण्याची बैलगाडी येते, तेव्हा घुंगरांच्या आधी घागरींचा आवाज ऐकू येतो.

काचेच्या नळीत तरंगणारा काटा.

नांदुरा स्टेशनमागचा आंबूस वास...

तर — प्रेमला. वडगावच्या शाळेतली मास्तरीण. राज्य नवं होतं, पंचायतीचा रेडिओही नवा. तो चालायचा बॅटरीवर, आणि ती नांदुऱ्याहून भरून आणायची प्रेमलानं. गावात ॲसिडला न भिणारी ती एकटीच.

श्रावणाच्या भुरभुरीत ती पहिल्यांदा नांदुरा स्टेशनमागच्या, मार्तंडच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात आली. बसायला जागा नव्हती. उभीच राहिली.

त्यानं तीन सेलची तीन बुचं काढली. ॲसिडचा जोर मोजायची नळी बुडवली, रबरी गोळा दाबून सोडला. पहिल्यात काटा अर्ध्यावर. दुसऱ्यात अर्ध्यावर. तिसऱ्यात — तळाशी.

"याच्यात काय टाकलं, बाई?"

"पाणी कमी दिसलं. म्हणून टाकलं."

"विहिरीचं?"

"छे! विहीर खारी. घरच्या माठातलं टाकलं. पेलाभर गोड पाणी."

तो हसला. मग हसता हसता थांबला. "बॅटरीले वाफेचं पाणी लागते, बाई. तुमचं गोड पाणी तिले खारंच. पण... गोड पाणी? आमच्याइकडं तं ते जावयालेच देतात."

"आमच्याकडेही," ती म्हणाली, आणि उगाचच पाऊस पाहू लागली.

त्यानं तिसरा सेल रिकामा केला, धुतला, ताजं ॲसिड भरलं. चार्जिंग अगदी मंद लावलं.

"घाई केली तं हे दोघं तापतीन, अन् हा मागंच राहीन. तिघं एका पातळीवर आले पाह्यजेत."

मधूनमधून तो सेलला हाताची मागची बाजू लावायचा, लेकराचा ताप पाहावा तशी. या माणसाला घाई येतच नाही... प्रेमलाला ते फार आवडलं.

दुसऱ्या खेपेला दुकानात दोन स्टुलं होती. गिऱ्हाइकांसाठी असेल, म्हणत ती बसली. बोलली. पुढच्या खेपेला आणखी बोलली.

पण खेपा लांबू लागल्या. बॅटरी उतरेचना!

"फार चांगलं काम करता तुम्ही," एकदा ती रुसून म्हणाली.

"मंग वाईट करू?"

"करून तर पाहा."

"नाही जमत, बाई."

दिवाळीनंतर तिच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, दुसरबीडच्या पाहुण्यांना रविवारी बोलावलं. गोड पाण्याची गाडी सांगितली.

शुक्रवारी प्रेमला बॅटरी मांडीवर घेऊन एसटीत बसली. कंडक्टर ओरडला, "ओ मास्तरीणबाई, खाली ठेवा ते! लुगडं जळीन." तिनं ठेवली नाही.

मार्तंडनं नळी बुडवली. वर. वर. तिसऱ्यातही — वर. तिन्ही अगदी सारखे.

"बाई... ही तं भरेल हाय."

"हो."

"मंग आणली काऊन?"

"तुमची नळी सगळं सांगते ना? विचारा तिलाच."

त्यानं नळी हळूच खाली ठेवली.

"रविवारी दुसरबीडचे पाहुणे येताहेत," ती म्हणाली. "मला पाहायला. बाबांनी पाणीही सांगितलंय."

बुचं लावायला त्यानं फार वेळ घेतला. एक. मग दुसरं...

"उद्या मी आमच्या बाबाले घेऊन वडगावले आलो — तं गोड पाणी भेटन काय?"

"ते जावयाला देतात."

"मालूम हाय. म्हणून तं इचारून राह्यलो."

तिला हसू आलं, रडूही. पदराला दोन्ही पुसावी लागली.

"उद्या काऊन?" ती म्हणाली. शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "आजची शेवटची गाडी हाय ना अजून!"

मार्तंडनं पहिल्यांदाच घाई केली. हात पुसायचे राहिले, तिसरं बूच लावायचं राहिलं, दुकानाला कुलूपही उलटं लागलं.

दुसरं स्टूल त्यानं तिच्या पहिल्या खेपेच्या दुसऱ्याच दिवशी सुताराकडून करून घेतलं होतं.