एकतीस नंबर, हाजर

ज्याला हे खोटं वाटेल त्याने रोह्याला यावं, समोर बसून मला खोटारडा म्हणावं. चहा पाजून सगळं परत सांगेन. दहावी नापास माणूस आहे मी. जे झालं ते लिहितोय.

१७ फेब्रुवारी २०१९, रविवार. दुपारचे तीन. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवा, लख्ख ऊन होतं.

जागा म्हणजे आमची जुनी शाळा. गडबच्या पुढे हायवे सोडून आत. नाव लिहीत नाही. त्या नावाला अजून लोक नमस्कार करतात, करू देत.

आमची १९७९ ची दहावी. चाळीस वर्षांनी सगळे जमणार होते. मोबाईलवर ग्रुप काढला, 'सोनेरी दिवस'. कसले सोनेरी? अर्धा वर्ग नापास झाला होता. पण साठीला आलं की माणसाला छड्यासुद्धा गोड लागतात.

पुढाकार हैबतरावचा. शाळेत हैबत्या होता. आता लेबर कंत्राटदार आहे, म्हणून राव. सगळ्यांना भगवे फेटे बांधलेन. पोटं सुटलेली, दात पडलेले, आणि वर फेटे. लग्नातले म्हातारे घोडे दिसत होतो.

मी एसटीने गेलो. मला फेटा नको होता. मला आमच्या सरांना एक गोष्ट सांगायची होती. चाळीस वर्षं घशात अडकलेली. सर ब्याऐंशीचे झालेले. पुन्हा संधी मिळणार नव्हती.

आत शिरलो, आणि पहिली गोष्ट दिसली ती मैदान.

मैदान शिंपलेलं होतं...

तिथली तांबडी धूळ ठाऊक असेल त्याला कळेल. पाणी मारलं नाही तर तोंडात माती जाते. "बरं केलंस, पाणी मारलंस," मी हैबतरावला म्हणालो.

"मी कुठं मारलं? मला वाटलं शिपायानं मारलं."

शिपाई म्हणाला, रविवारी नळाला पाणीच नसतं.

कुणी विचार केला नाही. फोटो काढायची घाई होती.

आता मोतीरामचं सांगतो.

मोतीराम कातकरवाडीतला. दहावीपर्यंत पोचलेला वाडीतला पहिला पोरगा. हजेरीत त्याचा नंबर एकतीस, माझा बत्तीस. बाकही एकच. तो 'हजर' म्हणायचा नाही, 'हाजर' म्हणायचा. लांब, गाणं सुरू केल्यासारखं. वर्ग रोज हसायचा. मी त्याची नक्कल करायचो, आणि नक्कल इतकी हुबेहूब की तोसुद्धा हसायचा.

७९ च्या फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ होता. मधल्या सुट्टीत हैबत्याने त्याच्या हातात दोन बालद्या दिल्या. मैदान शिंपायला. नीट वाचा, शिंपायला. प्यायच्या पाण्याला त्याचा हात चालत नव्हता, मातीला चालत होता.

शाळेमागे रहाटाची विहीर होती. तो गेला.

घंटा झाली. सरांनी हजेरी घेतली. सुट्टीनंतर जो गैरहजर, त्याला दुसऱ्या दिवशी पाच छड्या.

"एकतीस."

मान खाली घालून मी म्हणालो, "हाजर."

वर्ग हसला. त्याच्या छड्या वाचवल्या, असं मी स्वतःला सांगत आलोय. थोडं खरं आहे. थोडं हसण्यासाठीही होतं.

संध्याकाळी त्याची आई ठमी शोधत आली. तिनेच विहिरीत वाकून बघितलं.

दोर धरून धरून त्याचे तळहात सोलवटले होते.

म्हणजे तो लगेच गेला नव्हता. आम्ही हसत होतो तेव्हा तो दोराला धरून होता. गैरहजर लागला असता तर सरांनी कुणाला तरी बघायला पाठवलं असतं.

पोलीस आले. सरांनी हजेरीबुक दाखवलं. तीन वाजता वर्गात हजर. शाळा सुटल्यावर पोहायला गेला असणार, या लोकांची पोरं अशीच. कागद मिटला. हैबत्या सुटला, शाळा सुटली, मी सुटलो. तीन दिवस पुढे ढकललेला समारंभही झाला. पेढे वाटले.

आता परत त्या रविवारी या.

विहीर कधीच बुजवली. तिच्यावर हैबतरावच्या देणगीतून स्टेज बांधलंय. त्याच स्टेजवर सरांना बसवलं, आणि हैबतरावने कपाटातून जुनं हजेरीबुक काढून आणलेलं त्यांच्या हातात ठेवलं. कसर लागलेलं. "सर, एकदा हजेरी घ्या. मंग जेवू."

सर सुरू झाले. टक्कल पडलेले आजोबा 'हजर सर' म्हणत होते, डोळे पुसत होते. जे मेले होते त्यांच्या नंबरावर कुणीतरी हळूच 'कैलासवासी' म्हणायचं.

एकोणतीस. तीस.

मला कर्र... असा आवाज आला. रहाट फिरतो तसा. स्टेजच्या खालून. शेजारी बसलेल्या, आमच्याच वर्गातल्या मैनाने पाय वर घेतले.

"एकतीस."

कुणी कैलासवासी म्हणालं नाही. माझ्याशिवाय कुणाला आठवत नव्हतं.

मग...

"हाजर."

लांब. गाणं सुरू केल्यासारखं.

सगळे खो खो हसले. हैबतराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "विठ्या, अजून तसाच हायस रं."

माझं तोंड बंद होतं.

"हा बोलला नाय," मैना हळू म्हणाली. "मी याच्या तोंडाकडंच बघत व्हते."

सरांनी मान वर केली नाही.

"बत्तीस."

माझा नंबर. मी तोंड उघडलं. आवाज निघेना. घशात पाणी भरल्यासारखं झालं...

माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "पानी आनाया गेलाय, सर."

या वेळी कुणी हसलं नाही. हैबतरावने फेटा काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. माझ्या मागे नुसती भिंत होती, आणि भिंतीपाशी दोन बालद्या. शाळेत तसल्या पत्र्याच्या बालद्या आता नाहीत.

लोक जेवायला उठले. मटण होतं, भीती फार टिकली नाही. मी सरांपाशी गेलो. आवाज परत आला होता.

"सर, त्या दिवशी मोतीराम वर्गात नव्हता. ती हजेरी मी लावली."

सर चष्मा पुसत राहिले. "माहीत होतं."

"म्हणजे?"

"विठू, मला माझ्या पोरांचे आवाज कळतात. तेव्हाच कळलं होतं."

चाळीस वर्षं मी स्वतःला एकटा पापी समजत होतो. आणि हा माणूस त्याच बुकावर 'आदर्श शिक्षक' झाला. मी थुंकलो नाही, वयाचा मान ठेवला. आता वाटतं, थुंकायला हवं होतं.

जाताना त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "पण मघाशी एकतीसला तू नव्हतास. कळलं मला. मग कोण होतं रे?"

मी मनगट सोडवून घेतलं. उत्तर त्यांनाही माहीत होतं.

सर त्याच पावसाळ्यात गेले. मी अजून आहे.

गेल्या मंगळवारी मी दुपारचा आतल्या खोलीत पडलो होतो. गाढ झोप नव्हती. गॅसवाल्याने दारातून नाव घेऊन हाक मारली. मी ओ देणार, तेवढ्यात तो निघून गेला.

सून परसातून आली. तिला विचारलं, थांबवलं का नाहीस?

ती म्हणाली, "मामा, ओट्यावरनं कुणीतरी सांगितलं ना त्याला, की तुम्ही पाणी आणायला गेलात. मला वाटलं, खरंच गेलात."

उठून बाहेर आलो.

अंगण शिंपलेलं होतं...