चाळिसाव्या पानावरची दुर्बीण

"माझ्या वडिलांच्या पुस्तकात कुणीतरी हात घातलाय," मुलगी म्हणाली आणि टाइप केलेलं बाड तिने मावशीसमोर ठेवलं.

मावशी खासगी तपास करायची. तिचा भाचा दातांचा डॉक्टर. दुपारी दवाखाना बंद असला की तिच्या मदतीला यायचा आणि मदत सोडून सगळं करायचा.

मुलीच्या वडिलांनी बारा वर्षं खपून युरोपी खलाशांच्या अटलांटिकपारच्या पहिल्या सफरींवर पुस्तक लिहिलं होतं. खलाशांनी काय पाहिलं आणि मागाहून कुणी काय घुसडलं, याची छाननी. मागच्या थंडीत ते गेले. आता प्रकाशक बाड परत करायला निघाला होता, कारण चाळिसाव्या पानावर लिहिलं होतं: 'कप्तानाने दुर्बीण डोळ्याला लावली. पायाशी अर्ध्या शेपटीची मांजर बसली होती.'

"मग बिघडलं कुठे?" भाच्याने विचारलं.

"दुर्बीण त्यानंतर शंभरावर वर्षांनी आली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याची ही चूक! प्रकाशक हसला हो."

हाताने लिहिलेली वही टाइप झाल्यावर रद्दीत गेली होती. म्हणजे पुरावाही गेला.

आधी दोघं पुस्तकाच्या चित्रकाराकडे गेले. वडील खाटेवरून वाचून दाखवत, हा ऐके. चित्रं मात्र ते गेल्यावर काढून त्याने मुलीच्या आत्याकडे पोचवली. टाइप केलेलं पान त्याने पाहिलंही नव्हतं. त्याच्या मांडीवर मांजर झोपली होती. भाचा तिची शेपटी कुरवाळायला गेला, तर ती निम्म्यातच संपली. यंदाच्या उन्हाळ्यात खिडकीतून आली आणि राहिली, चित्रकार कौतुकाने म्हणाला.

मग आत्या, वडिलांची धाकटी बहीण. चित्रं समोर मांडून तिनेच सगळं टाइप केलं होतं. स्वल्पविरामही हलवला नाही, हे तिने तीनदा सांगितलं. बोलता बोलता भाच्याचं घड्याळ तिच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळेना, म्हणून ते त्याच्या मनगटावरून काढून घेऊन तिने आपल्या घड्याळाशी जुळवून दिलं. भाचा दवाखान्यात वीस मिनिटं उशिरा पोचला.

दुसऱ्या दिवशी मावशीने सगळ्यांना आत्याच्या घरी बोलावलं, प्रकाशकालाही.

"वडील थंडीत गेले, मांजर उन्हाळ्यात आली," ती म्हणाली. "त्यांनी ती लिहिली कशी?"

भाच्याने चित्रकाराकडे बोट दाखवलं.

"त्यांनी फक्त चित्रात घातली. दुर्बिणीसकट." मावशीने आत्याच्या टेबलावरचं चित्र पुढे सरकवलं.

"दुर्बीण नसती तर कप्तान ओळखला कसा असता?" चित्रकार पुटपुटला.

"वाक्य त्या चित्रावरून उतरलंय. आणि चित्र समोर ठेवून टाइप करणारं माणूस एकच. दोन घड्याळांत फरक दिसला तरी ज्यांना बघवत नाही."

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दादा शेवटी शेवटी विसरायचा. चित्रात आहे ते लिहायचं राहिलं, म्हणून लोक हसले असते त्याला. मी आपलं भरून काढलं."

मुलगी एवढं हसली की डोळे पुसावे लागले.

"पहिल्या सफरीची कप्तानाची मूळ वहीही अशीच हरवली, आत्या. उरली ती दुसऱ्याने केलेली नक्कल. बाबा त्या नक्कल करणाऱ्याशी बारा वर्षं भांडले, आणि दुसरा घरातच निघाला."

प्रकाशकाने बाड काखेत मारलं. नवं पान आजच मिळालं तर सोमवारी छपाई, म्हणाला.

आत्या टाइपच्या मशीनवर बसली. मुलगी शेजारी उभी राहून सांगू लागली. अर्ध्या ओळीवर आत्या थांबली.

"मग कप्तान बघतो कशाने?"

"डोळ्यांनी, आत्या."

आत्याला ते फारसं पटलं नाही. पण तिने तेवढंच टाइप केलं.