रिकाम्या सीटचा पट्टा

दुपारचे अडीच वाजले होते. चौक-कर्जत रस्त्यावर, कोरड्या ओहळाच्या पुलाजवळ, नरेशची गाडी बंद पडली आणि तिचं एकही दार उघडेना.

आत दोघं होती. स्टेअरिंगवर नरेश, मागच्या सीटवर त्याची आई मालनबाई.

गेल्या मे महिन्यातली ही घटना. रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. भर उन्हात, वाहत्या रस्त्यावर घडलेलं हे खरं आहे आणि यातलं एक अक्षर पदरचं नाही. नरेशने ते सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात भीतीपेक्षा संताप जास्त होता. गाड्यांच्या वायरिंगवर पोट भरणारा माणूस तो. प्रत्येक दिव्याला वायर असते आणि प्रत्येक वायरीला कारण असतं, हे त्याचं शास्त्र.

त्या दुपारी ते शास्त्र चाललं नाही.

चौक फाट्याच्या अलीकडे नरेशचं पत्र्याचं गॅरेज आहे. अक्षय हा त्याचा भागीदार. अक्षय इंजिनाचं बघतो, नरेश वायरिंगचं. नरेशची स्वतःची गाडी जुनी, अगदी साध्या मॉडेलची. काचा हाताने फिरवायच्या, दारं बोटाने लॉक करायची. हिवाळ्यात तिचं इंजिन बसलं. मालनबाईंना दमा आहे. दर पंधरवड्याला कर्जतला डॉक्टरकडे न्यावं लागतं आणि रिक्षातली धूळ त्यांना सोसत नाही. गाडी हवीच होती. नवं इंजिन परवडणारं नव्हतं.

सदू भंगारवाल्याकडे त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचं इंजिन मिळालं. अक्षयने ते बसवलं. बोल्टला बोल्ट जुळला.

पण चालू होईना.

जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या इंजिनाच्या सेन्सरची भाषा कळत नव्हती. नरेशने वायरी बदलून पाहिल्या, स्कॅनर लावला. इंजिन नुसतं फिरायचं आणि थांबायचं.

"नवरी रुसलीया," अक्षय म्हणाला. "माहेरचं माणूस आणल्याबिगर बोलायची नाय."

माहेरचं माणूस म्हणजे त्या इंजिनाचा स्वतःचा कॉम्प्युटर. पण तोही एकटा येत नाही. त्या कॉम्प्युटरला त्याचीच चावी लागते, दुसरी चावी तो ओळखत नाही. त्याला त्याचं वायरिंग लागतं, त्याचंच मीटर लागतं. नरेशने सदूकडून अख्खा संच उचलला. जोडताना एका प्लगच्या खाचांत वाळलेला गाळ दिसला.

"उघड्यावर पडलं होतं ना रं पावसात," सदू फोनवर म्हणाला. "घास ब्रशनं."

नरेशने घासलं.

चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. अक्षयने टाळी दिली.

तेवढ्यात मीटरवर लाल दिवा लागला... आणि टुंग, टुंग, टुंग.

शेजारच्या सीटवर कोणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं मीटर सांगत होतं.

शेजारची सीट रिकामी होती.

नवीन गाड्यांत सीटखाली सेन्सर असतो. वजन पडलं की तो मीटरला कळवतो. पण नरेशच्या गाडीची सीट जुनी. तिच्यात सेन्सर नव्हता, तिच्याकडे जाणारी वायरसुद्धा नव्हती. नव्या वायरिंगमधली सीटची वायर डॅशबोर्डखाली मोकळी लोंबत होती. नरेशने ती तोडली, टोकाला टेप गुंडाळली.

टुंग, टुंग, टुंग.

स्कॅनर लावला. स्कॅनरच्या मते गाडीत कसलाच दोष नव्हता.

पहिल्या फेरीला मालनबाई पुढे बसल्या. रीतसर पट्टा लावला. तरी आवाज थांबेना. अर्ध्या वाटेत त्या मागे जाऊन बसल्या.

"माजी सासू बरी," त्या म्हणाल्या. "ती जेवताना तरी गप बसायची."

यावर गॅरेजवाल्यांचा एक उपाय आहे. पट्ट्याच्या टोकाला जी लोखंडी जीभ असते, तशी नुसती जीभ सुटी मिळते. ती लॉकमध्ये खुपसायची. गाडीला वाटतं पट्टा लागला, आवाज बंद. अर्ध्या तालुक्याच्या गाड्यांत ती दिसेल. काही जण तर पट्टाच सीटच्या पाठीमागून लावून टाकतात. नरेश स्वतः गिऱ्हाइकांना असलं करू नका म्हणून सांगायचा. त्या दिवशी डॉक्टरकडे निघताना मात्र त्याने अक्षयच्या खणातली एक जीभ उचलली आणि रिकाम्या सीटच्या लॉकमध्ये दाबली.

खट्.

आवाज थांबला.

खरं तर थांबायला नको होता. त्या जुन्या लॉकमध्येही वायर नव्हती. जीभ आत गेली हे मीटरला कळायला काही मार्गच नव्हता. नरेशच्या हे लक्षात आलं, पण उशीर होत होता आणि शांतता बरी वाटली.

चौक मागे पडलं तशी गाडीत गाळाचा वास येऊ लागला. तळं आटताना येतो तसा. मग स्टेअरिंग जड झालं. नरेशने गिअर खाली टाकला. इंजिन जोर लावत होतं, पण गाडी पुढे सरकेना... जणू समोरून कोणी ढकलत होतं. पुलाच्या अलीकडे तिने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

नरेशने बॉनेट उघडायला उतरावं म्हणून दार ढकललं.

दार बोटभर सरकलं... आणि परत आलं.

खांदा लावला. पुन्हा बोटभर. पुन्हा परत. अडकलेलं दार हलतच नाही. हे हलत होतं, पण बाहेरून तेवढ्याच जोराने मागे येत होतं.

"काय झालं रं?"

"काय नाय आई. दार धरलंय. तुझ्या बाजूचं बघ."

मालनबाईंनी खटका ओढला, ढकललं. तेच.

काच खाली करायची मूठ त्याने दोन्ही हातांनी धरली. काच जागची हलेना. हाताने फिरवायची साधी काच. तिचा कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नव्हता.

समोरून खडीचा डंपर आला, बाजूने गेला. रस्ता हादरायला हवा होता.

कसलाच आवाज आला नाही...

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. वारा नाही, कावळा नाही, टायरची घरघर नाही. मे महिन्याचं ऊन काचेवर चकाकत होतं आणि आत गारवा चढत होता. आधी पावलांना. मग पोटऱ्यांना. त्याने हात लावून पाहिला. पँट कोरडी होती.

मागून शिट्टीसारखा आवाज आला. तो आवाज त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा. आईचा दम.

"पंप मार, आई."

"मारला. हवा... नाय रं... आत."

नरेशने अक्षयला फोन लावला. उचललेला दिसला. तो ओरडून ठिकाण सांगत राहिला. अक्षयला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. त्याला ऐकू आला तो फक्त पाण्याचा आवाज. बुडबुडे फुटल्यासारखा. नरेश डॉक्टरकडे जायचं सोडून कुठे डुंबतोय म्हणून तो हसला आणि फोन ठेवला.

एक टेंपो हळू झाला. टेंपोवाल्याने वाकून आत पाहिलं. नरेश काचेवर मुठी मारत होता. टेंपोवाल्याने हात हलवला, निरोपाला हलवतात तसा, आणि निघून गेला.

नरेशने आडवं होऊन दाराच्या काचेवर लाथ घातली. सगळा जोर लावून. पण पाय हवेतून निघाला तो सावकाश... नदीच्या पाण्यात लाथ मारावी तसा. काचेला नुसता टेकला.

मागची शिट्टी बारीक होत चालली होती. आईचे ओठ काळपट दिसत होते.

"नरेश," त्या म्हणाल्या. "हिला सोड."

"कुनाला?"

"पुढं... हाय कुनीतरी. सीट हलतीया. माज्या गुडघ्याला... लागतीया."

नरेशने शेजारी पाहिलं.

सीट रिकामी होती. पण तिची पाठ पुढेमागे हिसके खात होती.

त्याने लॉकचं लाल बटण दाबलं. जीभ निघेना. तिला पट्टा नव्हता, दोरा नव्हता, नुसता लोखंडाचा तुकडा. तरी ती एका अंगाला ताणलेली होती. वजनाने ताणावी तशी. तो आणखी वाकला. एका हाताने बटण दाबून धरलं, दुसऱ्याने जीभ उलट दिशेला रेटली.

रेटली...

खट्.

डावीकडचं पुढचं दार सताड उघडलं.

त्याने त्या दाराला हातही लावला नव्हता.

उन्हाची झळ आत आली. तिच्याबरोबर सगळे आवाज एकदम आले, कुठेतरी लांब डंपर गिअर बदलत होता. नरेश त्याच दारातून बाहेर पडला, मागचं दार ओढलं. ते सहज उघडलं. आईला त्याने काखेत हात घालून उतरवलं, रस्त्याकडेच्या आंब्याच्या सावलीत बसवलं, पंप तोंडाला लावला.

या वेळी हवा आत गेली.

हळूहळू ओठांचा रंग परतला. मग मालनबाईंनी अचानक दोन्ही पाय आखडून घेतले. वाटेत बसलेलं माणूस जाणाऱ्याला जागा देतं तसे.

समोर कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नरेश आणि अक्षय सदूकडे गेले. आधी तो इकडचं तिकडचं बोलला. मग अक्षयने त्याच्या टपरीचं शटर अर्धं ओढलं.

"पुरातल्या गाडीचं हाय ते," सदू म्हणाला. "पुरातलं सांगितलं असतं तर घेतलं असतं का तुमी?"

तीन पावसाळ्यांपूर्वी, कोंडाण्याच्या बाजूला एका सखल पुलावरून ती गाडी वाहून गेली होती. चालवणारा पोहून वाचला. पूर उतरल्यावर गाडी क्रेनने काढली, तेव्हा सदू तिथेच होता.

"आत कुनी होतं?"

"रिकामी होती. बाजूचा पट्टा तेवढा लावलेला."

"रिकाम्या सीटला?"

"लोक लावत्यात ना, आवाज बंद करायला. तसाच असंल म्हनून सोडलं सगळ्यांनी. घट्ट बसला होता. कापून काढला."

गाडीच्या मूळ मालकाचं नाव विकास. तो शेलूला एका नव्या इमारतीत भाड्याने राहतो, हेही सदूलाच माहीत होतं. नरेश एकटाच गेला. विकास तिशीतला, अबोल माणूस. दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

"तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर माझ्याकडे आहे," नरेश म्हणाला. "वायरिंगचा काही त्रास होता का आधी?"

"मी एकटाच होतो," विकास म्हणाला.

नरेशने ते विचारलंच नव्हतं.

पट्ट्याचा विषय नरेशने काढला नाही, दिव्याचा नाही, पुलाजवळच्या दुपारचा तर नाहीच. तो वळला आणि जिना उतरू लागला. दोन पायऱ्या उतरला असेल...

"अहो," वरून आवाज आला. "पट्टा निघाला का तिचा?"

नरेशने मान वर केली तोवर दार लागलं होतं. त्याने बेल वाजवली, दार ठोठावलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला, बस.

पोलीस ठाण्यात तो तासभर बसला.

"कोण हरवलंय?" हवालदाराने विचारलं.

"माहीत नाही."

"नाव? वय? गाव?"

"माहीत नाही. बाई आहे."

"तुमची कोण?"

"कोणी नाही."

"मग आम्ही शोधायचं कोणाला, तुम्हीच सांगा." हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने जुन्या तक्रारी काढून पाहिल्या. त्या पावसाळ्यात बाई हरवल्याची नोंद त्याच्याकडे नव्हती. शेजारच्या ठाण्यांनाही त्याने विचारलं. तिथेही नव्हती. तरी नरेशचा अर्ज त्याने घेतला आणि विकासकडे माणूस पाठवला. शेलूच्या खोलीला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, नरेश येऊन गेला त्याच संध्याकाळी विकास बॅग घेऊन निघाला. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

गाडी आता ठाण्याच्या आवारात उभी आहे. मालनबाई रिक्षाने कर्जतला जातात, तोंडाला ओढणी बांधून. गॅरेजमध्ये कोणी नवं गिऱ्हाईक आलं की त्या गॅरेजमागच्या घरातून नरेशला हाक मारून एकच विचारतात.

"कुनी लेकीला शोधत आलं का रं? कुनाची तरी असंल ना ती."

आजपर्यंत कोणी आलेलं नाही.